खालतं म्हणजे कुठं

१२ डिसेंबर २०२४

दादा,

जय भीम.

फोनवर तू मध्येच "ठेवतो" म्हणतोस. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र. वापीचा पत्ता तुझ्या दोस्ताने, रोशनने दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. तुला पाच वर्षांची मुलगी आहे आणि तिचं नाव मैत्री आहे, हेही त्यानेच सांगितलं. नाव चांगलं आहे.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहिते आहे. आईने सांगितलेलं नाही.

मी सध्या गावात आहे. सुट्टीवर नाही, कामावर. गावाची नळयोजना नव्याने होणार आहे आणि सर्वेक्षण ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे मी दीड वर्षापासून नोकरी करते. आपलं गाव मी मागून घेतलेलं नाही. सेलू तालुक्यातली गावं वाटून दिली, त्यात ते आलं. दिवसभर लेव्हल मशीन, तिपाई आणि पट्टी घेऊन गल्ल्यांमधून फिरते, संध्याकाळी घरी जेवते.

माझा सहकारी सांगलीकडचा आहे. नकाशावर जागांची स्थानिक नावं लिहिण्याचं काम त्याचं. तो चावडीवर वही घेऊन बसला आणि त्याचे हाल सुरू झाले. पाइप कुठे फुटतो, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "जुन्या गिरणीपाशी." तो अर्धा दिवस गिरणी शोधत होता. शेवटी कोणीतरी सांगितलं, "गिरणी आता नाई ना भाऊ. माह्या बापाच्या टायमाले होती." मोठ्या घराचं तसंच. ते दोन खोल्यांचं आहे. त्याने कारण विचारलं तर लोक त्याच्याकडेच संशयाने बघायला लागले.

मग भैयाजी म्हणाले, "खालतं पानी जात नाई, ते लिहा." भैयाजी तुला आठवत असतील. पंचायतीत कोणीही निवडून आलं तरी खुर्चीवर हेच बसतात.

"खालतं म्हणजे कुठं?" सहकाऱ्याने विचारलं.

"खालतं म्हंजे खालतं."

"पण नक्की कुठं?"

भैयाजींनी हनुवटी उचलून दाखवली. "अशे का विचारून राह्यले तुमी? लहान पोराले बी मालूम हाय."

सहकारी हुशार आहे. त्याने नकाशात सगळ्यांत खोल जागा शोधली, ती नाल्याकाठी सोयाबीनच्या वावरात निघाली, आणि तिथे त्याने व्यवस्थित अक्षरात "खालतं" लिहिलं. मी ते खोडलं आणि विहाराभोवतीच्या आपल्या पन्नासेक घरांवर बोट ठेवलं. तो म्हणाला, मग याला खालतं का म्हणतात? मी म्हटलं, म्हणतात.

कारण तुला सांगायला नको. आपण घरून चावडीकडे निघालो की "गावात जाऊन येतो" म्हणायचो. जणू आपण दुसरीकडेच कुठेतरी राहत होतो.

बाबा बरे आहेत. अजून पंचायतीचं पाणी तेच सोडतात. खालतले लोक अजून त्यांना "वरतचा चिंधू" म्हणतात, म्हणजे राहतो आपल्यात, पण माणूस वरच्यांचा. तू गेल्याने ते नाव गेलं नाही, उलट पक्कं झालं. सात वर्षांपूर्वी ग्रामसभेत उभं राहून तू म्हणालास, माझा बाप वरच्यांना भिऊन आपल्या लोकांच्या पाण्याचा व्हॉल अर्धाच खोलतो. बाबा काही न बोलता उठून गेले. पाणी बंद करायची वेळ झाली होती म्हणून गेले, हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालास, त्यांनी कबूल केलं. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

उत्तर दिलंस तर चालेल. नाही दिलंस तरी पुढचं पत्र येईल.

पौर्णिमा


२१ डिसेंबर २०२४

दादा,

एक माप हाती आलं आहे. ते तुला कळलं पाहिजे.

चावडीपासून विहारापर्यंत मी लेव्हल नेली आणि त्याच वाटेने परत आणली. परत आल्यावर आकड्यात फरक चार मिलिमीटरचा आला, म्हणजे माप चोख आहे. तरी मला पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

आपल्या विहाराची पायरी चावडीच्या पायरीपेक्षा एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर उंच आहे. खाली नाही, उंच. चावडीच्या पायरीवर तू ताठ उभा राहिलास, तर तुझ्या डोक्याच्या चार बोटं वर आपला मोहल्ला सुरू होतो.

चावडीवरून निघालं की रस्ता नाल्यापर्यंत उतरतो. हा उतार पायांना कळतो. नाला ओलांडल्यावर जमीन चढत जाते, पण इतकी सावकाश की सायकलवालासुद्धा खाली उतरत नाही. त्यामुळे लहानपणापासून आपण सगळे नाल्यापर्यंत खाली जात होतो आणि पुढेही खालीच जातोय असं समजत होतो. नाव तसंच होतं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही.

पहिल्या योजनेच्या वेळी ठेकेदाराने काहीच मोजलं नव्हतं. तो चावडीवर बसला आणि लोकांना विचारत गेला. टाकी चावडीमागे, जेमतेम ओट्याइतक्या उंचीवर बांधली. खालतं पाणी आपोआप जाईल म्हणून तिकडे बारीक पाइप टाकला. हे गाववाल्यांनी सांगितलं असेल, असं मी धरून चालले होते. पण त्या बैठकीत आपल्या मोहल्ल्यातली आनंदाबाई होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "आमीच म्हटलं होतं ना. आमच्याकडं उतार हाय, बारका पुरते. गाववाल्याइले मोठा देऊन टाका, त्याइले चढाचं हाय."

म्हणजे काय होत होतं ते बघ. बाबा व्हॉल पूर्ण खोलत होते. गावातले नळ सुरू असेपर्यंत सगळं पाणी तिथेच संपत होतं, कारण चढावर पोचायला त्यात जोरच उरत नव्हता. गावातले नळ बंद झाले की आपल्याकडे करंगळीएवढी धार यायची. आणि लोक म्हणायचे, बघा, वरच्यांचं भरल्यावर आता खोलला चिंधूने.

व्हॉल उघडा होता, दादा. नेहमी उघडा होता.

मी हे जेवताना बाबांना सांगितलं.

"मशीन खराब असन," ते म्हणाले.

"दोनदा लावलं, बाबा."

"मंग दोनदा खराब असन. नाल्यापाशी पाइपात काहीतरी अटकलं हाय. एकडाव पुरा खोदला ना, तं निंगते."

आई म्हणाली, "त्या पाइपापायी तुह्या बाबानं अर्धा नाला उकरला. दरसाल उन्हाळ्यात एकटाच जाते फावडं घेऊन. आता नाला बी याले ओळखते."

हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसणार.

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. बाबांच्या नावाने एक ओळ लिही, की व्हॉलबद्दल तू बोललास ते खरं नव्हतं. मोठं काही लिहू नकोस. लांब पत्र त्यांच्याच्याने वाचवणार नाही.

पौर्णिमा


५ जानेवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी नोंद घेतली आहे.

काल शनिवारी चावडीवर नवीन आराखडा दाखवायचा होता. मी कागद लावला, उंचीचे आकडे वाचून दाखवले, आणि भैयाजी म्हणाले, "पोरी, तुह्या दुर्बिणीतून खालतं वर दिसते. उद्या म्हणशीन, बोर नदीचं पानी उलटं धरनात चढते."

सगळे हसले. आपल्याकडचेही हसले. बाबाही हसले, आणि ते मला आवडलं नाही.

तेवढ्यात किसन मिस्त्री मागून म्हणाला, "नळीनं पाहू ना. दुर्बिणीचं आपल्याले काय समजते? नळीचं समजते."

नळी म्हणजे गवंड्याची पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन टोकं कितीही लांब धरली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत उभं राहतं. गावातल्या प्रत्येक घराचं जोतं किसन मिस्त्रीने त्या नळीनेच काढलं आहे. माझ्या मशीनवर कोणाचा विश्वास नव्हता. नळीवर अविश्वास दाखवायचा तर आधी स्वतःच्या घरावर दाखवावा लागला असता. मी म्हटलं, आणा.

मिस्त्रीने बाबांना चावडीच्या पायरीवर उभं केलं. "चिंधूभाऊ, भितीले पाठ लाव. ताठ राय. लगनातला फोटो काढून राह्यलो असं समज." बाबांच्या खांद्याच्या उंचीला त्याने भिंतीवर गेरूची रेघ मारली. मग सगळ्यांना सांगितलं, "आता हेच रेघ घरोघर नेतो. रेघ वर वर गेली, तं जमीन खाली चालली. रेघ खाली आली, तं जमीन वर चढली. नंतर कोनी म्हनू नका का समजलं नोतं."

एक टोक रेघेशी धरायचं, दुसरं पुढच्या भिंतीशी न्यायचं, पाणी ठरलं की तिथे रेघ मारायची आणि पुढे. मी नळीला हात लावला नाही. मुद्दाम लांब उभी राहिले, नाहीतर म्हणाले असते पोरीने काहीतरी केलं.

नाल्याकडे जाताना रेघ वर जात राहिली. बाबांच्या खांद्यावरून डोक्यावर, मग दाराच्या चौकटीवर. नाल्याअलीकडच्या शेवटच्या घरी मिस्त्रीला खाटेवर चढावं लागलं. भैयाजी खुशीत होते. "म्हटलं नोतं? खालतं ते खालतंच."

आनंदाबाई म्हणाली, "चाला बाप्पा, मले काम हाय." पण गेली नाही.

नाल्यावरच्या रपट्यावरून नळी पलीकडच्या विजेच्या खांबाला नेली. खांबावर रेघ थोडी खाली आली. त्यापुढच्या भिंतीवर आणखी खाली. मग मिस्त्रीच्या खांद्याशी, छातीशी, कमरेशी. बडबड कमी होत गेली. भैयाजींनी मागचं टोक धरणाऱ्याला बाजूला केलं आणि ते स्वतःच्या हातात घेतलं. "तू हालवून राह्यला," ते त्याला म्हणाले. त्यानंतर प्रत्येक रेघेला त्यांनाच वाकावं लागलं. आनंदाबाईच्या ओट्याशी रेघ इतकी खाली आली की भैयाजी उकिडवे बसले, धोतर सावरून, नळीचं टोक तिच्या भिंतीच्या बुडाशी धरून.

मिस्त्री दुसरं टोक घेऊन विहाराच्या पायरीशी गेला. त्याने टोक खाली नेलं, आणखी खाली नेलं, जमिनीला टेकवलं. नळीत पाणी दिसेना. ते मागे सरकत गेलं आणि भैयाजींच्या हातातल्या टोकातून बाहेर आलं. त्यांच्या पायावर सांडलं, चपलेवर सांडलं.

"आता रेघ जमिनीत गेली," मिस्त्री म्हणाला. "पुढं न्याची तं खड्डा करा लागते."

मी म्हटलं, "रोज हेच होतं. पाणी इथपर्यंत चढत नाही, मागे जातं." एवढंच बोलले. आकडा सांगायची गरज नव्हती.

आनंदाबाई ओट्यावर उभी होती. "म्हंजे आमी वर होतो?"

"हो."

"आन् हे गाववाले खालतं?"

"दोन मीटरच्या आत. पण हो."

भैयाजी चप्पल झटकत म्हणाले, "जमीन वर असन बाई. पर नाव तं खालतंच हाय ना."

"नाव ठेव तू तुह्यापाशी," आनंदाबाई म्हणाली. "मले पानी दे."

मग ती बाबांकडे वळली. बाबा गर्दीच्या मागे विहाराच्या कडेला उभे होते. ती त्यांना म्हणाली, "चिंधू, तुले आमी वरतचा म्हणत होतो. आता आमी बी वरतचेच निंगलो. राग नको धरू." तिने हसून म्हटलं, पण हात जोडले.

बाबा म्हणाले, "पानी सोडाची वेळ झाली," आणि गेले. पाणी सोडायला अजून दोन तास होते.

पौर्णिमा


६ जानेवारी २०२५

दादा,

कालचं पत्र टाकून आले आणि लगेच दुसरं लिहावं लागतंय. बाबांचा निरोप आहे. मला तो पटलेला नाही. पण निरोप माझा नाही, म्हणून आहे तसा पोचवते.

सकाळी ते अंगणात बसले होते. मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटत असेल. तसं काही दिसलं नाही.

"अश्विनले लिह्य," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"का तुहं बरोबर होतं. पानी येत नोतं."

मी म्हटलं, "बाबा, पाणी येत नव्हतं हे नळाने सांगितलं असतं. त्याने तुमच्यावर आळ घेतला."

"घेतला ना. चौघात घेतला, म्हून मले राग आला. पर मी काय म्हणत होतो? येते, येते, सकाळून थोडं येते. आनंदाबाई पान्याचा रिकामा पितळी गुंड घेऊन दारात उभी राहे, अन् मी तिले म्हणो, येते. मले वाटे, आपलीच नोकरी, आपनच म्हटलं का येत नाई, तं लोक काय म्हनन? पोरानं तं सरळ सांगतलं का येत नाई. दुसरं कोन बोललं होतं?"

"त्याने कारण चुकीचं सांगितलं."

"कारन मले तरी कुठं मालूम होतं?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लिहून दे वं. जसं सांगते तसं. तुह्या मनाचं नको घुसाडू."

तेव्हा हे त्यांच्या मनाचं आहे. सात वर्षांच्या भांडणाचा निकाल मी माप घेऊन लावला होता, आणि तो बाबांच्या बाजूने होता. बाबांनी तो तुला देऊन टाकला. मी काय करणार?

दोन दुरुस्त्या. पहिलं पत्र लिहायला आईने सांगितलं होतं. आणि हे गाव मी मागून घेतलं होतं.

पौर्णिमा


२७ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र बाबांच्या नावाने आलं. मी ते वाचलेलं नाही, पण त्यात काय आहे हे आता हिंगणीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तीन ओळी. नवीन पाइप किती इंची? पीव्हीसी का लोखंडी? टाकी किती उंच?

बाबांनी ते उभ्यानेच वाचलं. मग खिशात घातलं, चावडीवर गेले आणि किसन मिस्त्रीला म्हणाले, "अश्विननं विचारलं, पाइप किती इंची." मिस्त्रीने विचारलं, अजून काय लिहिलं? बाबा म्हणाले, "पीव्हीसी का लोखंडी, ते बी विचारलं." मग आनंदाबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भैयाजींनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "अश्विनले उत्तर धाडलं का? पोरगा वाट पाहत असन." 

उत्तर बाबांनी मला लिहायला सांगितलं आहे. विहारापर्यंत चार इंची, पीव्हीसी. टाकीचा तळ जमिनीपासून बारा मीटर. खालतं आणि गावात वेगवेगळे पाइप आणि वेगवेगळे व्हॉल. एकाचं पाणी दुसरा पिऊ शकणार नाही.

काल सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला. ठराव सचिवांनी मोठ्याने वाचला, "सर्वांत उंच जागा असल्याने नवीन टाकी खालतं बांधण्यात यावी." कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. टाळ्या झाल्या. सांगलीचा सहकारी माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवून त्याला गप्प बसायला सांगितलं.

नकाशावर मोहल्ल्याचं नाव काय लिहायचं हे आपल्या लोकांनी ठरवलं, भीमनगर. बराच वेळ चर्चा झाली, सगळ्यांच्या सह्या झाल्या, मी ते नाव नकाशात घातलं. सभा संपल्यावर बाहेर पडताना आनंदाबाई म्हणाली, "चला वं, खालतं जाऊ लवकर. सैपाक पडला हाय."

ग्रामसभेत बाबा शेवटपर्यंत बसले होते. पाणी बंद करायला त्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला पाठवलं.

आणखी एक. बाबा काल म्हणाले, "यंदा जयंतीचा मंडप विहारापुढं हाय." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "मोठा मंडप हाय." मी पुन्हा म्हटलं, बरं. मग ते चिडले आणि म्हणाले, "लिह्य ना त्याले."

लिहिलं आहे.

पौर्णिमा


१५ एप्रिल २०२५

दादा,

तू झोपलेला आहेस म्हणून हे चहाच्या डब्याखाली ठेवते. उद्यापासून माझं काम देवळीला आहे, आज तिथे पोचायचं आहे. पोस्टाने नको म्हटलं, हे पहिलंच पत्र असं आहे.

काही गोष्टी तुला माहीत नाहीत, त्या लिहून ठेवते.

तेरा तारखेला तुम्ही फाट्यावर उतरलात तेव्हा बाबा तिथे होते आणि म्हणाले, तंबाखू घ्यायला आलो होतो. फाट्यावर तंबाखूचं दुकान नाही. ते सकाळपासून तिथे होते, आणि सेलूहून येणाऱ्या दोन बस त्यांनी त्याआधी बघितल्या होत्या. तू त्यांच्या हातातून पिशवी घेतलीस आणि विचारलंस, पाइप आले का. ते म्हणाले, येऊन राह्यले, अर्धे आले. घरी येईपर्यंत तुम्ही दोघं पाइपांबद्दलच बोलत होतात. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिला मी नंतर सगळं सांगितलं. ती म्हणाली, वापीला पाइपाचं नाव काढलं तरी हे उठून बाहेर जायचे.

काल मिरवणुकीनंतर तू आनंदाबाईच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबानं व्हॉल कधी अर्धा नव्हता ठेवला. मी चुकीचं बोललो होतो, याच गावात बोललो होतो, म्हणून इथंच सांगतो." बाबा तेव्हा मंडपातल्या खुर्च्या मोजत होते. ते नसताना बोलायचं, हे तू ठरवून केलंस. तुला वाटत असेल त्यांना कळलं नाही. आनंदाबाई तुझं वाक्य पुरं व्हायच्या आधी निघाली होती. तिने त्यांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. बाबा म्हणाले, "बरं." मग त्यांनी खुर्च्या पहिल्यापासून मोजायला घेतल्या. दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. मी दुरुस्त केला नाही.

ते तुला त्याबद्दल काही बोलणार नाहीत. तूही काढू नकोस. आज ते तुला नवीन पाइपाची चर दाखवायला नेणार आहेत. जा.

शेवटचं. काल संध्याकाळी तू रोशनबरोबर टाकीची जागा बघायला गेला होतास. मैत्री ओट्यावर बाबांजवळ बसली होती. बसमध्ये दोन बायका तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, ही खालतच्या अश्विनची पोरगी. ते तिच्या डोक्यात राहिलं होतं.

"आजोबा, खालतं कुठे आहे?" तिने विचारलं.

हा प्रश्न बाबांना घरातल्या कोणी कधी विचारला नसेल. ते म्हणाले, "हेच. तू बसली ना, तेच खालतं."

"पण हे तर वर आहे. पप्पा म्हणाले, सगळ्यांत वर आहे म्हणून टाकी इथे बांधणार."

"हो."

"मग खालतं का म्हणतात?"

मी आत चहा गाळत होते. हात थांबवला. आईनेही विळीवरचा हात थांबवला. बाबा काय सांगतील याचा मी अंदाज करत होते आणि मला एकही उत्तर पाच वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. 

बाबा म्हणाले, "लोकाइले मोजता येत नोतं, माय."

"कोणालाच?"

"मले बी."

पौर्णिमा